बॅप्टिस्टिनाची कैफियत



सरकारी नोकरीत वीस वर्षे काढलेल्या मनुष्याला आकाशाविषयी बोलावयास बसविणे हे धाडसच म्हटले पाहिजे. माझा विषय कागद. आलेला कागद वाचावा, मागचा संदर्भ काढावा, त्यावर शेरा लिहावा आणि तो पुढे पाठवावा, यापलीकडे माझे कर्तृत्व नाही. परंतु असे कागद वाचता वाचता एखादे प्रकरण मनात घर करून बसते. ते आपल्या कचेरीचे नसते, आपल्या खात्याचे नसते, क्वचित आपल्या पृथ्वीचेही नसते. तसलेच एक प्रकरण आज मी आपणापुढे मांडणार आहे. त्यातील आरोपी म्हणजे सुमारे २१ किलोमीटर व्यासाचा एक दगड आहे, आणि आरोप आहे तो ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वी डायनोसॉरांचा व त्यांच्यासमवेत पृथ्वीवरील जवळजवळ तीनचतुर्थांश जीवजातींचा संहार घडविल्याचा. नेमके बोलावयाचे तर आरोप त्याच्या एका भावंडावर होता. परंतु ते भावंड त्याच आघातात नष्ट झाले असल्याने गुन्हा कुळाच्या नावावर, म्हणजे याच्या नावावर, नोंदला गेला.

या आरोपीचे नाव बॅप्टिस्टिना. लघुग्रहांच्या नोंदवहीत त्याचा क्रमांक २९८. फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरील नीस येथील वेधशाळेत ९ सप्टेंबर १८९० रोजी ओग्यूस्त शार्लुआ या ज्योतिर्विदाने तो शोधून काढला. लघुग्रहांच्या शोधासाठी छायाचित्रणाचा उपयोग जर्मनीत माक्स वोल्फ यांनी सुरू केला तो त्यानंतरच्या वर्षी. त्यामुळे शार्लुआंची रीत जुनी होती. रात्रीमागून रात्र दुर्बिणीला डोळा लावून बसावयाचे, दिसणारा प्रत्येक ठिपका नकाशातील ताऱ्यांशी ताडून पाहावयाचा, आणि ज्या ठिपक्याने जागा बदलली असेल तो आपला. या गृहस्थांनी आयुष्यात ९९ लघुग्रह शोधले. १९१० साली त्यांच्या पहिल्या पत्नीच्या भावाने त्यांचा खून केला. आपल्या विषयाशी याचा काही संबंध नाही. परंतु ज्याने शोधलेल्या दगडावर पुढे शतकानंतर हत्येचा आळ यावयाचा, त्याचाच अंत असा व्हावा, हे वाचून मी क्षणभर थबकलो एवढे खरे. बॅप्टिस्टिना हे नाव कोणावरून ठेवले याची मात्र कोठेही नोंद सापडत नाही. त्या काळी लघुग्रहांना स्त्रियांची नावे देण्याची प्रथा होती, तेव्हा कोणी एक बॅप्टिस्टिना नावाची बाई असेल किंवा नसेलही.

मंगळ आणि गुरू यांच्या दरम्यान लघुग्रहांचा जो विस्तीर्ण पट्टा आहे, त्याच्या आतल्या अंगाला, सूर्यापासून पृथ्वीच्या सुमारे सव्वादोनपट अंतरावर हा फिरत असतो. सूर्याभोवतीची त्याची एक प्रदक्षिणा सुमारे ३ वर्षे ५ महिन्यांत पुरी होते, आणि त्याचा दिवस आपल्या सोळा तासांहून थोडा मोठा आहे. नुसत्या डोळ्यांनी तो दिसत नाही. शोध लागल्यापासून शंभराहून अधिक वर्षे त्याच्याकडे कोणी विशेष लक्ष दिले नाही. अशा सामान्य असामीवर एवढा मोठा आरोप यावयास काय कारण घडले, ते समजण्यासाठी या पट्ट्यातील भाऊबंदकीचा थोडा परिचय करून घ्यावा लागेल.

१८०१ मध्ये सिसिलीत पियाझी यांना सेरेस सापडला आणि १८०२ मध्ये जर्मनीतील ओल्बर्स यांना पॅलास. दोन्ही जवळजवळ सारख्याच अंतरावर. तेव्हा ओल्बर्स यांनी तर्क केला की येथे पूर्वी एक ग्रह असला पाहिजे, तो फुटला आणि हे त्याचे तुकडे आहेत. कल्पना मोहक होती. परंतु हिशेब जमत नाही. पट्ट्यातील सगळे दगड एकत्र केले तरी त्यांचे वस्तुमान आपल्या चंद्राच्या तीनचार टक्क्यांहून अधिक भरत नाही. गुरूच्या ओढीमुळे तेथे ग्रह कधी जुळूनच आला नाही, असे आज मानले जाते. तथापि ओल्बर्स अगदीच चुकले नव्हते. एक मोठा ग्रह फुटला नसला तरी लहान लहान पुष्कळ पिंड फुटले, आणि एका पिंडाचे तुकडे जवळजवळ एकाच कक्षेत फिरत राहिले. हे प्रथम ओळखले ते जपानी ज्योतिर्विद कियोत्सुगु हिरायामा यांनी, १९१८ साली. कक्षेचे सरासरी अंतर, तिचा लंबगोलपणा आणि तिचा कल, या तीन गोष्टी ज्यांच्या जुळतात ते एका वंशाचे, असे सूत्र त्यांनी धरले आणि अशा गटांना कुळे म्हटले. वंशावळी लावण्याचे काम महसूल खात्यात मीही केले आहे. ते किती जिकिरीचे असते हे मला ठाऊक आहे; एकाच आडनावाची चार घराणी एका गावात नांदत असली म्हणजे कोण कोणाचा हे ठरविताना भल्याभल्यांना घाम फुटतो. बॅप्टिस्टिनाच्या बाबतीत नेमके हेच झाले. तो ज्या भागात राहतो तेथे फ्लोरा नावाच्या फार मोठ्या आणि जुन्या कुळाची दाटी आहे. त्या गर्दीतून बॅप्टिस्टिनाचे वेगळे कुळ निवडून काढावे लागले.

आता गुन्ह्याकडे वळू. इटलीतील गुब्बियो या गावाजवळ चुनखडीच्या थरांमध्ये चिकणमातीचा एक बोटभर जाडीचा पदर आहे. त्याच्या खालच्या खडकात ज्या सूक्ष्म सागरी जीवांचे अवशेष विपुल सापडतात, ते वरच्या खडकात जवळजवळ नाहीसे झालेले आहेत. नोबेल पारितोषिकाचे मानकरी लुई अल्वारेझ, त्यांचे भूशास्त्रज्ञ पुत्र वॉल्टर आणि त्यांचे सहकारी फ्रँक असारो व हेलन मिशेल यांनी १९८० साली दाखविले की या पदरात इरिडियम ही धातू आसपासच्या खडकाच्या मानाने सुमारे तीसपट आहे. पृथ्वीच्या पाठीवर इरिडियम अत्यंत दुर्मिळ. अशनींत मात्र ती बऱ्यापैकी असते. त्यावरून त्यांनी निष्कर्ष काढला की सुमारे १० किलोमीटर व्यासाचा एक दगड आकाशातून येऊन आदळला असला पाहिजे. पुढे १९९१ मध्ये मेक्सिकोच्या युकातान द्वीपकल्पात, चिक्शुलुब या गावाखाली पुरलेले सुमारे १८० किलोमीटर रुंदीचे विवर त्या आघाताचे म्हणून ओळखले गेले. गुन्ह्याचे स्थळ सापडले, काळ सापडला. कोण, एवढाच प्रश्न राहिला.

येथे आणखी एका संशयिताचे नाव घेणे प्राप्त आहे, कारण तो आपल्या घरचा आहे. तो म्हणजे आपला सह्याद्री. खंडाळ्याचा किंवा आंबेनळीचा घाट चढताना डोंगराला पडलेल्या आडव्या पायऱ्या ज्यांनी पाहिल्या असतील, त्यांनी त्या काळाचे लाव्हारसाचे थर पाहिले आहेत. दख्खनचा हा काळा पाषाण आजही सुमारे ५ लक्ष चौरस किलोमीटर भूमी व्यापून आहे, आणि तो ओतला गेला तोही याच सुमारास. त्याच्या खालच्या खडकांत, चंद्रपूर जिल्ह्यातील पिसदुरा येथे, डायनोसॉरांची हाडे मिळाली आहेत. या उद्रेकांतून निघालेल्या वायूंनी हवामान बिघडून जीवसृष्टी आधीच खिळखिळी झाली होती, असे मानणारा एक समर्थ पक्ष आहे. आघाताच्या हादऱ्याने उद्रेकांनाच जोर चढला, असेही काहींनी सुचविले आहे. २०१९ साली दोन निरनिराळ्या गटांनी या थरांचे अत्यंत बारकाईने कालमापन प्रसिद्ध केले, आणि आघाताच्या क्षणाशी उद्रेकांचा मेळ कसा घालावयाचा यावर त्या दोहोंतच मतभेद राहिले. दख्खनचा हा खटला स्वतंत्र आहे आणि त्याला स्वतंत्र भाषण लागेल. मी तो येथेच सोडतो. कारण सह्याद्री दोषी असो वा नसो, चिक्शुलुबला काहीतरी येऊन आदळले याविषयी वाद उरलेला नाही.

सप्टेंबर २००७ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात विल्यम बॉट्की, डेव्हिड व्होक्रोहलित्स्की आणि डेव्हिड नेस्वोर्नी या तिघांनी बॅप्टिस्टिनावरील आरोपपत्र दाखल केले. ते वाचताना मला त्यांच्या तर्काचे खरोखर कौतुक वाटले. त्यांचे म्हणणे असे की, सुमारे १६ कोटी वर्षांपूर्वी पट्ट्याच्या आतल्या भागात सुमारे १७० किलोमीटर व्यासाचा एक पिंड दुसऱ्या एका पिंडाशी टक्कर होऊन फुटला. बॅप्टिस्टिना हा त्याचा उरलेला सर्वांत मोठा तुकडा. बाकीचे हजारो तुकडे हळूहळू पसरत गेले, आणि त्यांपैकी काही गुरू व मंगळ यांच्या संयुक्त ओढीने झालेल्या एका चिंचोळ्या वाटेत शिरून पट्ट्याबाहेर फेकले गेले. त्यांतीलच एक पृथ्वीवर आला. शिवाय त्या काळच्या थरांतील क्रोमियम धातूच्या समस्थानिकांवरून आदळलेला दगड काळ्या, कार्बनयुक्त जातीचा असावा असे दिसत होते, आणि बॅप्टिस्टिनाचे कुळही रंगाच्या ढोबळ मोजणीवरून त्याच जातीचे वाटत होते. काळ जुळला, वाट जुळली, जात जुळली. हा दगड याच कुळातला असण्याची शक्यता ९० टक्क्यांहून अधिक आहे, असे त्यांनी गणिताने काढले. जगभरच्या वृत्तपत्रांनी ते आकडे उचलले आणि बॅप्टिस्टिनाचे नाव रातोरात पाठ्यपुस्तकांत जाऊन बसले.

तुकडे ‘हळूहळू पसरत गेले’ असे मी म्हटले. त्याची रीत थोडी समजावून सांगितली पाहिजे, कारण पुढे सगळे प्रकरण तिच्यावरच फिरले. उन्हाचा ताप भर बारा वाजता जितका जाणवतो, त्याहून दोनतीन वाजता अधिक जाणवतो, हा आपला नित्याचा अनुभव आहे. स्वतःभोवती फिरणाऱ्या दगडाचेही तसेच. त्याची तिसऱ्या प्रहराची बाजू अधिक तापलेली असते आणि ती आपली उष्णता अवकाशात परत टाकीत असते. टाकलेल्या उष्णतेचा उलट धक्का दगडाला बसतो. धक्का अगदी नगण्य, पण नेहमी एकाच दिशेचा. दगड ज्या दिशेने सूर्याभोवती जातो त्याच दिशेने स्वतःभोवती फिरत असेल तर तो सूर्यापासून दूर सरकतो. उलट फिरत असेल तर आत येतो. ही गोष्ट प्रथम सुचली ती इव्हान यार्कोव्स्की नावाच्या, रशियात नोकरी करणाऱ्या एका अभियंत्याला, विसाव्या शतकाच्या अगदी उंबरठ्यावर. त्याने ती एका छोट्या पुस्तिकेत छापली आणि जग ती विसरून गेले. एस्टोनियाचे ज्योतिर्विद अर्न्स्ट ओपिक यांनी तरुणपणी ती पुस्तिका वाचली होती. चाळीस वर्षांनंतर, हाताशी प्रत नसताना, केवळ आठवणीवरून त्यांनी ती कल्पना पुन्हा मांडली आणि तिला त्या अभियंत्याचे नाव दिले. हाताखालच्या माणसाचे टिपण स्वतःच्या सहीने पुढे पाठविणारे अधिकारी मी पुष्कळ पाहिले आहेत, म्हणून ओपिक यांचा हा प्रामाणिकपणा मला फार मोठा वाटतो. २००३ साली रडारच्या साहाय्याने गोलेव्का नावाच्या अर्ध्या किलोमीटरच्या लघुग्रहाचे मोजमाप झाले, तेव्हा बारा वर्षांत तो या धक्क्यामुळे सुमारे १५ किलोमीटर सरकल्याचे प्रत्यक्ष सिद्ध झाले.

या सरकण्यात एक मेख आहे. लहान दगड लवकर सरकतो, मोठा सावकाश. म्हणून एखाद्या कुळातील लहान तुकडे मूळ स्थानापासून किती दूर गेले आहेत हे मोजले, आणि त्यांचा आकार ठाऊक असला, तर कूळ किती वर्षांपूर्वी फुटले हे सांगता येते. आकार मात्र ठाऊक असला पाहिजे, आणि दुर्बिणीतून आकार दिसत नाही. दिसतो फक्त उजेड. एक मोठा काळा दगड आणि एक लहान पांढुरका दगड दुरून सारखेच तेजस्वी दिसतात. तेव्हा दगड काळा की उजळ हे आधी गृहीत धरावे लागते. बॅप्टिस्टिनाचे कूळ काळे, असे गृहीत धरले गेले होते.

मी येथे जरा थांबतो, कारण याच ठिकाणी मला माझे एक जुने प्रकरण आठवले आणि त्यामुळेच हा सगळा विषय माझ्या मनातून जाईना. बारातेरा वर्षांपूर्वी एका जिल्ह्यात असताना एका लिपिकाविरुद्धची खातेनिहाय चौकशी माझ्याकडे आली. एक पावतीपुस्तक गहाळ झाले होते आणि त्यातील पावत्यांवर वसूल झालेली रक्कम भरणा झालेली नव्हती. कपाटाची किल्ली या लिपिकाकडे होती. पावत्यांवरील अक्षर त्याच्या अक्षराशी मिळतेजुळते होते. आणि त्याच सुमारास त्याने गावच्या घरावर कौले चढविली होती. तिन्ही गोष्टी एकमेकींना टेकून अशा उभ्या राहिल्या की मी आरोप सिद्ध झाल्याचा निष्कर्ष लिहून टंकलेखकाकडेही दिला. केवळ प्रकरण पुरते दिसावे म्हणून कोऱ्या पुस्तकांच्या साठ्याची नोंदवही मागविली. तीत ते पुस्तक कचेरीत दाखल झाल्याची तारीख होती. लिपिकाने किल्ली दुसऱ्याच्या स्वाधीन केल्याला तेव्हा सतरा दिवस झाले होते. एका तारखेसरशी अक्षरातील साम्य हे नुसते साम्य उरले, आणि कौले ही नुसती कौले. तो मनुष्य तोपर्यंत आठ महिने निलंबित होता. त्या काळात त्याच्या मुलीचे ठरलेले लग्न मोडले, हे मला नंतर कळले.

दगडाला निलंबनाची व्यथा नसते. तरीही बॅप्टिस्टिनाच्या बाबतीत नोंदवही मागविणारे निघाले ही समाधानाची गोष्ट. मार्च २००८ मध्ये हवाई बेटावरील मौना केआ या शिखरावरून अवरक्त दुर्बिणीने बॅप्टिस्टिनाचा वर्णपट घेण्यात आला. या कामात प्रमुख होते विष्णू रेड्डी. ते मूळचे भारतातले. पूर्वी पत्रकारी करीत आणि हौसेने लघुग्रह शोधीत. २००२ मध्ये त्यांनी शोधलेल्या एका लघुग्रहाचे नाव ‘भारत’ असे आहे. त्यांना वर्णपटात जी खाच दिसली ती ऑलिव्हिन व त्याच्या जातीच्या सिलिकेट खनिजांची होती. कार्बनयुक्त काळ्या दगडात अशी खाच अपेक्षित नसते. अर्थ सरळ होता. बॅप्टिस्टिना त्या जातीचा नव्हता.

यावर आरोप करणाऱ्या पक्षाला एक उत्तर उपलब्ध होते, आणि ते अगदी पोकळही नव्हते. कदाचित बॅप्टिस्टिना स्वतःच त्या कुळातला नसेल. कुळाच्या वस्तीत शिरलेला कोणी उपरा असेल, आणि बाकीचे सगळे काळे असतील. तेव्हा एकट्याची नव्हे, सगळ्या कुळाची तपासणी करणे भाग होते. ती झाली अवकाशातून. २००९ च्या डिसेंबरात अमेरिकेने सोडलेल्या वाइझ नावाच्या उपग्रहाने सारे आकाश अवरक्त किरणांत न्याहाळले. या किरणांत दिसतो तो दगडाने परतविलेला सूर्यप्रकाश नव्हे, तर त्याची स्वतःची ऊब. आणि उबेवरून आकार कळतो. आकार कळला म्हणजे उजेडावरून तो किती उजळ आहे हेही कळते. बॅप्टिस्टिना-कुळातील १,०५६ लघुग्रहांची अशी मोजणी २०११ साली प्रसिद्ध झाली. गृहीत धरले होते त्याहून हे कूळ पुष्कळ उजळ निघाले.

श्रोत्यांना वाटेल, उजळ निघाले तर निघाले. त्याने एवढे काय बिघडले? सगळेच बिघडले. दगड उजळ म्हणजे तो समजला त्याहून लहान. लहान म्हणजे उन्हाच्या धक्क्याने तो अधिक लवकर सरकणारा. लवकर सरकणारा म्हणजे आज आहे तेथवर पोचावयास त्याला कमी वर्षे लागलेली. १६ कोटी वर्षांचा आकडा जवळजवळ निम्म्यावर, ८ कोटींवर आला. फुटलेल्या मूळ पिंडाचा १७० किलोमीटरचा व्यासही त्याच गृहीतावर उभा होता, तोही टिकला नाही. आघात ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वीचा. म्हणजे कूळ फुटल्यापासून आघातापर्यंत अवघी दीड कोटी वर्षे उरतात. तेवढ्या अवधीत १० किलोमीटरच्या दगडाने रांगत रांगत त्या चिंचोळ्या वाटेपर्यंत जावे, तेथून बाहेर पडावे आणि पृथ्वी गाठावी, हे सामान्यतः घडत नाही; त्याला अनेक कोटी वर्षे लागतात. जातीचा पुरावा कोसळला आणि पडता पडता काळाचा पुरावाही आपल्याबरोबर घेऊन गेला. दोन्ही स्वतंत्र साक्षीदार आहेत असे आपण समजत होतो. वस्तुतः एकच साक्षीदार दोन नावांनी बोलत होता.

आरोप करणाऱ्यांविषयी माझ्या मनात यत्किंचितही अनादर नाही, उलट आदरच आहे. त्यांतील नेस्वोर्नी आणि बॉट्की या दोघांनी सिमोने मार्की यांच्यासह २०२१ मध्ये नवे गणित मांडले. सुमारे १,३०,००० लघुग्रहांच्या हालचाली संगणकावर चालवून त्यांनी दाखविले की असले प्रचंड आघात सरासरीने २५ कोटी वर्षांतून एकदा होतात, आणि त्यांतील जवळजवळ निम्मे काळ्या, आदिम जातीच्या दगडांचे असतात. असे दगड मुख्यतः पट्ट्याच्या बाहेरच्या भागातून येतात. बॅप्टिस्टिनाच्या कुळाची गरजच त्यांना उरली नाही. कोणा एका कुळाकडे बोट न दाखविता त्यांनी साऱ्या बाहेरच्या वस्तीवर संशय ठेवला. बातमी म्हणून हे फिके आहे, आणि म्हणूनच कदाचित ते पहिल्या बातमीइतके पसरले नाही.

शेवटचा महत्त्वाचा पुरावा आला तो आकाशातून नव्हे, मातीतून. २०२४ साली जर्मनीतील कोलोन येथील मारिओ फिशर-गोडे आणि त्यांचे सहकारी यांनी त्या चिकणमातीच्या पदरातील रुथेनियम धातूचे समस्थानिक तपासले. इरिडियमप्रमाणेच हीही पृथ्वीच्या पाठीवर विरळ, आणि तिच्या निरनिराळ्या अणूंचे प्रमाण दगड सूर्यमालेच्या कोणत्या भागात घडला हे सांगते. त्यांनी तुलनेसाठी गेल्या चोपन्न कोटी वर्षांतील इतर पाच आघातांचे नमुनेही घेतले. ते पाचही सिलिकायुक्त, सूर्याजवळच्या भागात घडलेल्या दगडांचे निघाले. चिक्शुलुबचा तेवढा वेगळा. तो कार्बनयुक्त होता आणि गुरूच्या पलीकडे, थंड प्रदेशात जन्मलेला होता. आता ऑलिव्हिनची खाच असलेला बॅप्टिस्टिना आणि हा परका दगड एका आईची लेकरे आहेत असे म्हणणे कोणालाही कठीण.

मग बॅप्टिस्टिना आहे तरी कोण? त्याच्या वर्णपटात खनिजांची खाच आहे, पण ती उथळ आहे. दगड सिलिकेटचा, पण काहीसा काळवंडलेला. याचा उलगडा होण्यास एक अपघात कारण झाला. १५ फेब्रुवारी २०१३ रोजी सकाळी रशियातील चेल्याबिन्स्क शहरावर सुमारे वीस मीटरचा एक दगड वातावरणात फुटला. काचा फुटून सुमारे दीड हजार माणसे जखमी झाली. बर्फात पडलेले त्याचे तुकडे गोळा करून पाहिले तेव्हा काही तुकडे फिकट राखी आणि काही कोळशासारखे काळे होते, आणि दोन्हींचे रसायन मात्र एकच होते. कोट्यवधी वर्षांपूर्वी कोठल्या तरी टकरीत तो दगड भाजून निघाला होता. दाब आणि उष्णता यांमुळे त्यातील लोह व गंधकयुक्त खनिजे वितळून बारीक भेगांत पसरली होती, आणि जेथे ती पसरली तेथे दगड काळा पडला होता. रेड्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये दाखविले की हा फिकट व काळा भाग मिसळला असता जो वर्णपट मिळतो, तो बॅप्टिस्टिनाच्या कुळाशी जुळतो. ज्या साध्या अशनींच्या वर्गात चेल्याबिन्स्कचा दगड मोडतो, त्याच वर्गाशी शेजारच्या फ्लोरा कुळाचेही नाते लावले जाते.

तेव्हा आजच्या माहितीवरून त्याच्या जन्माची हकिकत साधारण अशी दिसते. फ्लोराच्या शेजारात, सूर्यमालेच्या आतल्या, उबदार भागात घडलेला सामान्य खडकाचा एक पिंड होता. ८ कोटी वर्षांच्या सुमारास त्याला कोणीतरी येऊन धडकले. पिंड फुटला, आणि फुटताना, किंवा त्याच्याही आधीच्या एखाद्या टकरीत, त्याचा खडक भाजून ठिकठिकाणी काळा पडला. या काळेपणामुळेच तो दुरून पाहणाऱ्यांना भलत्या जातीचा वाटला. कार्बनचा काळेपणा आणि भाजल्याचा काळेपणा यांत ढोबळ रंगमापनाने फरक कळला नाही. त्यासाठी वर्णपटच लागला. चेल्याबिन्स्कचा दगड याच कुळातून आला असे मात्र कोणी समजू नये. तसे सिद्ध झालेले नाही; साम्य आहे, आणि साम्याविषयी माझा अनुभव मी वर सांगितलाच आहे.

गेल्या दिवाळीत माझ्या पुतण्याला कोणीतरी विज्ञानाचे एक सचित्र पुस्तक भेट दिले. त्यात एका पानभर चित्रात लाल आकाशाखाली डायनोसॉर पळताना दाखविले आहेत, आणि खाली छापले आहे की ‘हा लघुग्रह बॅप्टिस्टिना-कुळातील होता.’ पुस्तक नवे असले तरी मजकूर जुना. मुलगा मला विचारू लागला, काका, हे खरे का? मी त्याला यार्कोव्स्कीच्या उन्हापासून सगळे सांगितले. निम्मे त्याला कळले असेल. मग त्याच्याच पेन्सिलीने त्या ओळीपुढे समासात ‘२०११’ एवढा आकडा लिहून ठेवला.